आई-वडिलांचं अमेरिकी ग्रीन कार्ड: आधी कागद, मग अर्ज, आणि वकील नेमका कधी

आय-१३०, म्हणजे नातेवाइकाच्या ग्रीन कार्डासाठी करायचा पहिला अर्ज, हा फॉर्म भरायला एक संध्याकाळ पुरते. त्याला जोडायचे कागद जमवायला सहा-सहा महिने लागतात. तरी बहुतेक जण संध्याकाळचं काम आधी उरकतात आणि कागदांचं 'बघू नंतर' म्हणून सोडून देतात. मग आठ-दहा महिन्यांनी नोटीस येते, गावाकडे फोनाफोनी सुरू होते, आणि सत्तरीतले वडील ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवतात. गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली मी पाहिल्या. चुका त्याच त्या आहेत, म्हणून क्रमवार लिहितोय. मी वकील नाही. वकील कुठे लागतो, तेही खाली येईल.

हे लिखाण एकाच प्रकारच्या केससाठी आहे: मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक, वय २१ पूर्ण, आणि आई-वडील भारतात. भावंडांसाठीचा अर्ज ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे भारतीयांची रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. आई-वडिलांना रांग नाही, वार्षिक कोटा नाही. वेळ जातो तो फक्त कागद हलण्यात.

## टप्पा १: अर्जाआधी घरात बसून बोला

पहिला प्रश्न पात्रतेचा. तुमच्याकडे स्वतःचं ग्रीन कार्ड असेल पण नागरिकत्व नसेल, तर आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. 'आता टाकून ठेवू, तोवर नागरिकत्व मिळेल' हे इथे चालत नाही. अर्ज नाकारला जातो आणि फी बुडते.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि तो फोनवर विचारू नका. आई-बाबांना तिकडे राहायचं आहे का? ग्रीन कार्ड हे राहण्याचं कार्ड आहे. वर्षातले आठ महिने नाशिकला आणि चार महिने न्यू जर्सीला, असा बेत असेल तर कार्ड गमावण्याचीच तयारी समजा. नातवंडांना भेटायला पर्यटक व्हिसा पुरतो. तो साधारण दहा वर्षांचा मिळतो आणि प्रत्येक वेळी बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. मला विचाराल तर निम्म्या घरांत तेच योग्य उत्तर असतं. फक्त मुलाला वाईट वाटेल म्हणून आई-बाबा गप्प बसतात.

तिसरी गोष्ट पैशांची. ग्रीन कार्ड मिळालं की आई-वडील अमेरिकेचे कर-रहिवासी होतात. म्हणजे भारतातली पेन्शन, घरभाडं, मुदत ठेवींचं व्याज, सगळं अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भारतातल्या खात्यांची एकत्रित रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. म्युच्युअल फंडांचा हिशेब तर चांगल्या सीएलाही घाम फोडतो. उपचारांचाही विचार करा: ६५ वर्षांवरच्या नव्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) विकत घ्यायला आधी सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. तोवर विम्याची सोय तुमची.

तपासा: तिन्ही प्रश्नांची उत्तरं आई आणि बाबा, दोघांकडून वेगवेगळी घेतलीत का? केस दोघांच्या वेगळ्या असतात. एकाने जायचं आणि दुसऱ्याने नाही, असंही करता येतं.

## टप्पा २: जुना प्रवास उकरून काढा

आई-वडील पूर्वी अमेरिकेला जाऊन आले असतील, तर प्रत्येक फेरीची आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची तारीख लिहून काढा. जुने रद्द झालेले पासपोर्टही बाहेर काढा.

इथे हमखास गोंधळ होतो. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावर २०३१ लिहिलेलं असतं, म्हणून लोक समजतात की तोवर राहता येतं. राहण्याची मुदत ठरते ती विमानतळावर दिलेल्या आय-९४ नोंदीतल्या तारखेने. ती तारीख उलटून १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत राहून परत आले असतील, तर बाहेर पडल्यापासून तीन वर्षं बंदी लागते. वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिले असतील, तर दहा वर्षं.

या बंदीतून सूट मागता येते, पण त्यासाठी अर्जदाराचा जोडीदार किंवा आई-वडील अमेरिकन नागरिक अथवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. मुलगा नागरिक असणं त्यात धरलं जात नाही. म्हणजे तुमच्यामुळे आईला अर्ज करता येतो, पण तिची बंदी उठवायला तुमचा उपयोग नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक वर्षभर फी भरत राहतात आणि मुलाखतीच्या खिडकीवर त्यांना पहिल्यांदा कळतं.

दुसरं म्हणजे पूर्वीचे व्हिसा अर्ज. 'अमेरिकेत जवळचं कुणी आहे का?' या रकान्यात एजंटने 'नाही' लिहिलं होतं का? नोकरी, लग्न, आधीचा नकार, काही लपवलं होतं का? एजंटने लिहिलं तरी जबाबदारी अर्जदाराचीच. महत्त्वाची बाब खोटी सांगितल्याचा ठपका बसला तर तो आयुष्यभराचा असतो, आणि त्यातून सूट मागण्यासाठीही तोच जोडीदार-किंवा-पालकांचा नियम लागतो.

थांबा: या टप्प्यात काहीही खटकलं तर पुढचा फॉर्म उघडू नका. आधी टप्पा ४.

## टप्पा ३: कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निम्मी केस इथेच ठरते.

### आधी तुमचा जन्मदाखला

लोक आईचा जन्मदाखला शोधायला धावतात. आय-१३० साठी हवा असतो तुमचा, ज्यावर पालकाचं नाव आहे असा. कारण सिद्ध करायचं असतं ते तुमचं नातं. आईच्या केसला तुमचा जन्मदाखला आणि नागरिकत्वाचा पुरावा पुरतो. वडिलांच्या केसला त्याच्या जोडीला आई-वडिलांच्या लग्नाचा दाखलाही लागतो. आई-वडिलांचे स्वतःचे जन्मदाखले पुढे, टप्पा ७ मध्ये लागतात.

तुमच्या जन्माची नोंद कुठे शोधायची? तुम्ही पुण्यात वाढलात म्हणून पुणे महापालिकेत हेलपाटे घालू नका. पहिलं बाळंतपण माहेरी. तुमचा जन्म आजोळी झाला असेल तर नोंदही आजोळच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते. आईला गाव आणि दवाखाना विचारा, मग जन्मतारखेच्या आसपासचे दोन-तीन महिने रजिस्टरमध्ये पाहायला सांगा.

नोंद सापडली तरी तीन अडचणी नेहमी निघतात.

*दाखल्यावर बाळाचं नावच नसतं.* बारशाआधी नोंद झालेली, त्यामुळे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. तसा दाखला पाठवू नका. निबंधकाकडे नाव समाविष्ट करून नवा दाखला घ्या. शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्टची प्रत सोबत ठेवा.

*नोंद उशिरा झालेली असते.* जन्म १९८१चा आणि नोंदणीची तारीख २००४ची, म्हणजे बहुधा पासपोर्ट काढताना केलेली. हा दाखला खोटा ठरत नाही, पण एकटा पुरत नाही. जोडीला शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड, दवाखान्याचा कागद असेल तर तो, आणि जन्माच्या वेळी हयात असलेल्या, स्वतः माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं द्या. तुमच्याहून धाकट्या चुलतभावाने 'मला माहीत आहे' असं लिहून दिलं तर कोण विश्वास ठेवील?

*नोंदच सापडत नाही.* मग त्याच कार्यालयाकडून 'नोंद आढळत नाही' असा लेखी दाखला घ्या आणि वर सांगितलेले पूरक पुरावे जोडा. हा लेखी दाखला नसेल तर पूरक पुराव्यांना वजन येत नाही.

### लग्नाचा दाखला

पत्रिका, फोटो आणि गुरुजींची चिठ्ठी हे पूरक पुरावे आहेत, दाखला नव्हे. १९७० च्या दशकातल्या लग्नांची नोंद बहुतेकांनी केलेलीच नसते. ती आता करता येते. दाखल्यावर लग्नाची तारीख जुनी आणि नोंदणीची तारीख नवी, अशा दोन्ही येतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण नोंदणी अलीकडची असल्यामुळे पत्रिका, जुने फोटो, एकमेकांची नावं असलेले पासपोर्ट किंवा पेन्शनचे कागद जोडून द्या.

वडिलांनी किंवा आईने दुसरं लग्न केलं असेल तर आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा हुकूम लागतो. सावत्र आई किंवा वडिलांसाठी अर्ज करता येतो, पण ते लग्न तुम्ही अठरा वर्षांचे होण्याआधी झालेलं असलं पाहिजे.

### नावांचा तक्ता

हा मराठी घरांचा खास प्रश्न. समजा आईचं माहेरचं नाव कुसुम दत्तात्रय. लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव सुनंदा. तुमच्या जन्मदाखल्यावर 'सुनंदाबाई', शाळेच्या दाखल्यावर 'सुनंदा', तिच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर 'कुसुम', आणि पासपोर्टवर 'सुनंदा' पुढे तुमच्या वडिलांचं नाव. घरात कुणालाच यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला मात्र या तीन बायका दिसतात.

एक कोरा कागद घ्या. डावीकडे कागदपत्राचं नाव, मध्ये त्यावर जसंच्या तसं लिहिलेलं नाव, उजवीकडे जन्मतारीख. स्पेलिंगही जसंच्या तसं, 'देशपांडे'च्या स्पेलिंगमध्ये एक जादा अक्षर असेल तर तेही. हा तक्ता पुरा झाला की फरक कुठे कुठे आहेत ते एका नजरेत कळतं. मग तीन गोष्टी करा:

1. राजपत्रात नावबदल झाला असेल तर त्याची प्रत मिळवा.
2. झाला नसेल तर 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करा आणि त्यात तक्त्यातलं प्रत्येक नाव लिहा.
3. फॉर्ममध्ये 'वापरलेली इतर नावं' हा रकाना कधीही मोकळा सोडू नका.

अर्ज करणारी मुलगी असेल तर तिच्याही नावांचा तक्ता करा. जन्मदाखला माहेरच्या नावाने आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र सासरच्या नावाने असतं. मधला दुवा म्हणजे तिचा लग्नाचा दाखला, आणि नेमका तोच जोडायचा राहतो.

### भाषांतर

मराठी दाखल्यांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. शिक्का, समास, मागच्या पानावरची नोंद, सगळ्यासकट. खाली भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून, सही करून, नाव-पत्ता आणि तारीख द्यायची. नोटरीची सक्ती नाही. पण अर्जदाराने स्वतःच भाषांतर करणं टाळा, शेजारच्या मास्तरांना सांगा.

तपासा: कुठलाही दुरुस्त केलेला दाखला घेताना त्यातली नवी चूक तिथेच, खिडकीपाशी उभं राहून शोधा. एकाने आईचं नाव दुरुस्त करून घेतलं आणि घरी येऊन पाहतो तर वडिलांचं आडनाव बिघडलेलं.

## टप्पा ४: वकील लागतो का, आणि कोणता

सरळ केसला लागत नाही. कागद जुळतात, प्रवासाचा इतिहास स्वच्छ आहे, उत्पन्न पुरेसं आहे, तर स्वतः करा. पुढच्यांपैकी काहीही असेल तर पैसे वाचवू नका: मुदतीपेक्षा जास्त राहणं, जुन्या अर्जात खोटी माहिती, कुठलाही गुन्हा किंवा अटक (निर्दोष सुटले असले तरी), आधीचा नकार किंवा परत पाठवणी, दत्तक किंवा सावत्र नातं, किंवा आई-वडील सध्या अमेरिकेतच आहेत आणि तिथूनच अर्ज करायचा विचार आहे.

इमिग्रेशनचा कायदा संघीय आहे. म्हणून वकील कुठल्याही एका राज्याचा परवानाधारक असला तरी चालतो, तो तुमच्या राज्यातलाच हवा असं नाही. परवाना चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे त्या राज्याच्या बारच्या (वकील संघटनेच्या) संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. कमी खर्चात मदत हवी असेल तर अमेरिकेच्या न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी सेवाभावी संस्थांमध्ये असतात. तेही कायदेशीर सल्ला देऊ शकतात. 'कन्सल्टंट', 'व्हिसा एक्सपर्ट', फॉर्म टाइप करून देणारा किंवा नोटरी यांना तो अधिकार नाही. 'कौन्सुलेटमध्ये आपली ओळख आहे' म्हणणाऱ्याला चहाही पाजू नका.

पहिल्या भेटीला नावांचा तक्ता, प्रवासाच्या तारखा, आणि आधी सरकारकडे गेलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत घेऊन जा. प्रती नसतील तर अमेरिकेच्या माहितीच्या कायद्याखाली स्वतःची फाइल मागवता येते. आणि हे विचारा:

1. ठरलेली फी कुठल्या टप्प्यापर्यंत? आय-१३० पुरती की मुलाखतीपर्यंत?
2. जादा पुराव्याची नोटीस आली तर वेगळे पैसे का?
3. माझी केस तुम्ही स्वतः बघणार की सहायक?
4. या केसमध्ये सगळ्यात कमजोर जागा कोणती?

चौथ्या प्रश्नाला 'काहीच नाही, शंभर टक्के होणार' असं उत्तर आलं, तर उठा. खात्री देणारा वकील एक तर फाइल न वाचता बोलतोय किंवा खोटं बोलतोय.

सावधान: कोऱ्या फॉर्मवर सही नाही. सरकारकडे जाणाऱ्या प्रत्येक पानाची प्रत तुमच्याकडे हवी. पैसे लेखी करारानंतरच, पावती घेऊन. आणि वकिलाने तयार केलेला फॉर्मही ओळ न् ओळ वाचा. सही तुमची आहे.

## टप्पा ५: आय-१३० भरणं

आई आणि वडिलांसाठी दोन वेगळे फॉर्म, दोन वेगळ्या फी. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी ६७५ डॉलर, तेही प्रत्येकी. भरायच्या दिवशी सरकारी पानावर फी आणि फॉर्मची आवृत्ती पुन्हा पाहा. जुन्या आवृत्तीचा फॉर्म परत येतो. आईच्या अर्जात वडील आपोआप येत नाहीत, आणि धाकटी अविवाहित बहीण तर नाहीच नाही.

ऑनलाइन भरा. खातं स्वतःच्या ईमेलने उघडा, मावसभावाच्या नको.

नेहमीच्या चुका: जन्मतारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल (अमेरिकेत महिना आधी), आई-वडिलांचा पत्ता पिनकोडशिवाय, आणि मुलाखत कुठे होणार या प्रश्नाला विमानतळाचं शहर लिहिणं. महाराष्ट्रातल्या अर्जदारांसाठी मुंबई.

## टप्पा ६: पावतीनंतरचे महिने

पावती-क्रमांक मिळतो: तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे. त्यावर केसची स्थिती पाहता येते. रोज पाहून काही हलत नाही. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवा. अमेरिकन नागरिकाला तशी एरवी सक्ती नाही, पण केस चालू असताना नोटीस जुन्या घरी जाऊन पडली तर मुदत तुमचीच संपते.

जादा पुराव्याची नोटीस आली तर: उत्तराची तारीख नोटिशीवरच छापलेली असते, साधारण १२ आठवड्यांपर्यंत. उत्तर एकदाच देता येतं. अर्धं आज, अर्धं पुढच्या महिन्यात, असं नाही. नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्या आणि प्रत्येक क्रमांकाखाली कोणता कागद जोडलाय ते लिहा. 'नाकारण्याचा विचार आहे' अशी नोटीस असेल तर मुदत बरीच कमी, बहुधा ३० दिवस. ती हातात पडली की त्याच दिवशी वकिलाला फोन.

नाकारलंच तर ३० दिवसांत अपील करता येतं. पण कारण फक्त अपुऱ्या कागदांचं असेल तर भरभक्कम कागदांनिशी नवा अर्ज टाकणं अनेकदा जलद पडतं. आई-वडिलांना रांगच नाही, त्यामुळे रांगेतली जागा जाण्याचाही प्रश्न नाही. नकाराच्या पत्रात फसवणुकीचा उल्लेख असेल तर मात्र हा रस्ता बंद. नव्या अर्जावरही तोच डाग येतो.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न: अर्ज चालू असताना आई-बाबा पर्यटक व्हिसावर येऊ शकतात का? कायद्याने बंदी नाही, पण विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो आणि परतही पाठवू शकतो. विचारलं तर खरं सांगायचं: अर्ज केला आहे, ही फेरी भेटीपुरती, हे परतीचं तिकीट. नवा पर्यटक व्हिसा मागताना तर फॉर्ममध्येच 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केलाय का' असा प्रश्न असतो. तिथे 'नाही' लिहिणं म्हणजे टप्पा २ मधला आयुष्यभराचा ठपका ओढवून घेणं.

'व्हिजिटरवर आणू आणि तिथेच ग्रीन कार्डाचा अर्ज टाकू' हा सल्ला प्रत्येक पार्टीत कुणीतरी देतो. आधीपासून तोच बेत असेल तर विमानतळावर 'फिरायला आलोय' म्हणणं खोटं ठरतं. आल्यावर परिस्थिती खरोखर बदलली, म्हणजे एकाचं निधन झालं किंवा मोठं आजारपण आलं, तर तिथून अर्ज करण्याची कायदेशीर वाट आहे. ती वकिलाचा हात धरूनच चाला.

## टप्पा ७: व्हिसा सेंटर, आय-८६४ आणि डीएस-२६०

मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. त्यांच्या ऑनलाइन खात्यावर दोन फी असतात: आर्थिक हमीपत्राची १२० डॉलर आणि व्हिसा अर्जाची ३२५ डॉलर. त्या भरल्या की फॉर्म उघडतात.

सावधान: वर्षभर काहीच संपर्क केला नाही तर केस बंद होऊ शकते. वडिलांचं ऑपरेशन आहे, घर विकायचंय, म्हणून थांबायचं असेल तर थांबा, पण मधूनमधून संदेश पाठवून केस जिवंत ठेवा.

आय-८६४, म्हणजे आर्थिक हमीपत्र. तुमचं उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येसाठी ठरलेल्या गरिबी-पातळीच्या १२५ टक्के हवं. माणसं मोजताना तुम्ही, जोडीदार, मुलं, येणारे आई आणि वडील दोघंही, आणि पूर्वी कुणासाठी हमी दिली असेल तर तेही धरा. उदाहरणार्थ नवरा-बायको, एक मूल आणि दोन पालक, म्हणजे पाच. २०२५ च्या तक्त्यानुसार पाच जणांना ४७,०६२ डॉलर. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे आहेत. उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते, पण आई-वडिलांच्या केसमध्ये ती तुटीच्या पाचपट लागते. नाहीतर सह-प्रायोजक, म्हणजे तुमच्या जोडीने हमी घेणारा दुसरा कुणी, आणा.

सह-प्रायोजक होणाऱ्या मित्राला खरं काय ते सांगा. ही सही एक-दोन वर्षांची नसते. आई-वडील नागरिक होईपर्यंत, त्यांच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमेपर्यंत, ते अमेरिका कायमची सोडेपर्यंत किंवा त्यांचा मृत्यू होईपर्यंत ती बांधून ठेवते. साठीपुढचे पालक ४० तिमाही कुठून जमवणार?

कराच्या कागदासाठी आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) ट्रान्सक्रिप्ट जोडा, ती सगळ्यात सुटसुटीत. नुकतीच नोकरी बदलली असेल तर अलीकडच्या पगाराच्या पावत्या आणि कंपनीचं पत्र द्या. आणि तुम्ही स्वतः सध्या भारतात परतून राहत असाल तर उत्पन्न कितीही असो, अमेरिकेत वास्तव्य असल्याचं किंवा पालकांबरोबर तिकडे परत जात असल्याचं दाखवावं लागतं: घराचा करार, नोकरीचं पत्र, मुलांचा शाळाप्रवेश.

डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात, हे यात विचारतात. बाबांच्या बदल्यांची यादी आधी कागदावर करा. सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा का, याला 'हो' म्हणा, पुढची एक फेरी वाचते.

पोलिसांचा दाखला. भारताचा पासपोर्ट सेवा केंद्रातून. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिले असतील तर बहुतेक वेळा त्या देशाचाही. बाबा ऐंशीच्या दशकात मस्कतला होते, हे घरातल्यांना मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात आठवतं.

आई-वडिलांचे जन्मदाखले इथे लागतात. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांच्या नोंदी नसणं नवल नाही. पण 'नोंद आढळत नाही' हा दाखला आणि पूरक पुरावे तरीही द्यायचेच.

## टप्पा ८: मेडिकल आणि मुलाखत

मेडिकल कौन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होतं, घरच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशीची वेळ घेऊ नका. कारण एक्स-रे. तरुणपणी टीबी होऊन बरा झाला असेल तरी फुप्फुसावर डाग राहतो. मग थुंकीची तपासणी होते आणि कल्चरचा अहवाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात. जुना टीबी लपवू नका. उपचार पूर्ण केल्याचे कागद असतील तर ते काढून ठेवा. लसीकरणाच्या नोंदी आणि चालू औषधांची यादीही बरोबर द्या.

मुलाखतीला मूळ कागद न्या, सगळे, मागच्या टप्प्यात अपलोड केले असले तरी. आदल्या रात्री आई-बाबांना उत्तरं पाठ करून घ्यायला लावू नका. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. एवढंच बघा की मुलगा काय काम करतो, कुठल्या शहरात राहतो, आपण पूर्वी कधी गेलो आणि किती दिवस राहिलो, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता येतं. मराठीत बोलायचं असेल तर खिडकीवर सुरुवातीलाच सांगायचं. मोडक्या इंग्रजीत 'येस, येस' म्हणून भलत्याच प्रश्नाला होकार दिलेला मी पाहिलाय. आठवत नसेल तर 'आठवत नाही' हेही उत्तर आहे.

हातात २२१-जी लिहिलेला कागद दिला तर घाबरू नका, पण तो नीट वाचा. दोन शक्यता असतात. एक, अमुक कागद कमी आहे, म्हणजे तो द्या आणि दिल्याची पोच जपा. वर्षाच्या आत दिला नाही तर अर्ज नव्याने, फी नव्याने. दोन, अंतर्गत तपासणी, तिथे वाट पाहण्याखेरीज फार काही नसतं. कागदावर बंदीचं किंवा खोट्या माहितीचं कलम लिहिलेलं असेल तर ती तिसरी गोष्ट. त्याचा फोटो वकिलाला पाठवा आणि तोवर कौन्सुलेटला स्वतःहून खुलासे लिहीत बसू नका.

## टप्पा ९: विमानात बसण्याआधी आणि नंतर

व्हिसा मिळाल्यावर इमिग्रंट फी ऑनलाइन भरा, १ एप्रिल २०२४ पासून ती २३५ डॉलर आहे. ती भरल्याशिवाय कार्ड छापलं जात नाही. व्हिसाची मुदत मेडिकलला बांधलेली असते, जास्तीत जास्त सहा महिने. तिकीट काढताना ती तारीख पाहा. कौन्सुलेटने बंद पाकीट दिलं असेल तर फोडायचं नाही. ते आणि एक्स-रे हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. प्रवेशाचा शिक्का पडला की तोच व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डासारखा चालतो, म्हणून कार्ड पोस्टाने यायच्या आधीच घाबरून फोन करायची गरज नाही.

भारतातल्या बँकेला अनिवासी झाल्याचं कळवा, बचत खातं तसंच चालू ठेवायची परवानगी नाही.

आणि परतीच्या फेऱ्या. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिल्यावर परत येताना चौकशी कडक होते. वर्षभराहून जास्त राहिले तर नुसतं कार्ड प्रवेशाला पुरत नाही. घर विकणं, भाचीचं लग्न, मोतीबिंदू, अशी लांबणारी कामं आधीच दिसत असतील तर भारतात निघण्यापूर्वी री-एंट्री परमिटचा अर्ज करा. तो अमेरिकेत असतानाच करावा लागतो, बोटांचे ठसेही तिथेच द्यायचे. परमिट दोन वर्षांपर्यंतचं असतं. भारतात पोचल्यावर आठवलं, तर तिथून ते मागता येत नाही.